फोटो बूथ आणि सेल्फी पॉइंट: घरच्या लग्नासाठी नेमके काय बांधावे?

मंगल कार्यालयाच्या दाराशी फुलांची भिंत, तिच्यावर वधूवरांची नावे आणि शेजारी एक रिंगलाइट एवढे उभे राहिले की त्याला कोणी ‘फोटो बूथ’ म्हणते, तर कोणी ‘सेल्फी पॉइंट’. बाहेरून दोन्ही सारखे दिसत असले तरी त्यांची घडण वेगळी आहे, आणि घरीच बूथ तयार करू पाहणाऱ्यांची मेहनत या गल्लतीमुळे बहुधा सजावटीवरच खर्ची पडते.

सेल्फी पॉइंट म्हणजे केवळ पार्श्वभूमी. कॅमेरा पाहुण्याच्या हातात असतो, अंतर त्याच्या मर्जीचे असते आणि छायाचित्र त्याच्याच मोबाइलमध्ये राहते. बूथमध्ये मात्र कॅमेरा, अंतर आणि प्रकाश आधीच ठरलेले असतात. पाहुण्याने खुणेवर उभे राहून फक्त कळ दाबायची असते. अनातोल जोसेफो यांनी १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सुरू केलेल्या बूथमध्ये २५ सेंटांत आठ छायाचित्रांची पट्टी हाती पडत असे. सगळे आधीच पक्के करून ठेवायचे आणि छापील प्रत जागीच द्यायची, ही बूथची रीत तेव्हापासूनची आहे.

घरगुती बूथ बिघडतो तो प्रकाशात. कॅमेरा ऑटोवर, म्हणजे उजेडाचे माप स्वतःच ठरवत असेल तर जरीचा लखलखता शालू समोर येताच सगळे चित्र काळवंडते आणि काळी शेरवानी आली की चेहरे पांढरे पडतात. त्याऐवजी कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा आणि प्रकाश मऊ करणारी छत्री लावलेला एक फ्लॅश कॅमेऱ्याच्या वर थोडा बाजूला बसवावा, म्हणजे चष्म्यांवर तिरीपही येत नाही. शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० पासून सुरुवात करून फ्लॅशची ताकद चाचणीने एकदा ठरवली आणि फोकसही हातानेच पक्का केला, की रात्रीपर्यंत काही बदलावे लागत नाही. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश चौथाईवर येतो, म्हणून जमिनीवर कॅमेऱ्यापासून सुमारे साडेसहा फुटांवर चिकटपट्टीची खूण हवीच. रिंगलाइट हातभर अंतरावरच्या एका चेहऱ्याला पुरतो. कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांखाली उभ्या असलेल्या चौघांना तो पुरत नाही.

कॅमेरा बसवायची पेटी साधीच असावी. पातळ प्लायवूडची, बिजागऱ्यांवर घडी होणारी आणि तळाशी वाळूची पिशवी ठेवता येईल अशी पेटी पुरते, कारण मुले तिला धरून लोंबकळतात. लेन्स जमिनीपासून साडेचार फुटांवर यावी. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स, १८ मिमी या सर्वांत रुंद टोकावर ठेवल्यास कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. २४ मिमीवर चौघे जण नीट मावतात.

छपाईसाठी इंकजेटपेक्षा डाय-सब्लिमेशन प्रिंटर घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात कागद पिवळ्या, किरमिजी आणि निळसर रंगांच्या फितीखालून आणि शेवटी संरक्षक थराखालून असा चार वेळा जातो आणि कोरडाच बाहेर येतो, त्यामुळे ओलसर हातांनी धरला तरी रंग फिसकटत नाही. कॅननच्या ‘सेल्फी सीपी १५००’ या अशाच छोट्या प्रिंटरला एका पोस्टकार्डासाठी सुमारे ४१ सेकंद लागतात. कागद भरण्याचा वेळ धरला तर तासाला पन्नास-साठ प्रतींचाच हिशेब करावा. चार बाय सहा इंचांच्या कागदावर दोन पट्ट्या छापून एक पाहुण्याला द्यावी आणि दुसरी वहीत चिकटवून तिच्याशेजारी आशीर्वाद लिहून घ्यावा. मोबाइल न वापरणारी आजीसुद्धा स्वतःचा फोटो पर्समध्ये घालून घरी नेते. माझ्या दृष्टीने बूथसाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण हेच आहे.

लग्न दिवसा मोकळ्या अंगणात असेल आणि प्रिंटरपाशी बसायला घरातले कोणी मोकळे नसेल, तर बूथचा हट्ट धरू नये. अशा वेळी मांडवाच्या सावलीच्या कडेला, समोरून आकाशाचा मऊ उजेड येईल अशा जागी सेल्फी पॉइंट उभारावा. तेथे मात्र सजावटीवर केलेला खर्च प्रत्येक छायाचित्रात दिसतो.