कूलंटचं वय

मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, बाळगणाऱ्या एका मित्राने परवा माझ्यापुढे काचेच्या दोन बाटल्या ठेवल्या. एकीत नुकतंच आणलेलं गुलाबी कूलंट, दुसरीत गाडीच्या हीटिंगच्या नळ्यांतून थोडंसं काढून घेतलेलं, सहा वर्षांचं. त्याचा प्रश्न सरळ होता. रंग जवळपास तोच, गोठणबिंदू तपासला तर अजून उणे २५ अंशांच्या आसपास, मग बदलायचं कशाला? मी दोन्हीत पीएचची, म्हणजे द्रव आम्लाकडे झुकतो की अल्कलीकडे ते रंगाने सांगणारी, पट्टी बुडवली. नव्या द्रवातली हिरवी-निळी झाली, जुन्यातली पिवळी, म्हणजे आम्लाकडे झुकलेली. कूलंटची गुलाबी झाक दोन्ही पट्ट्यांवर होती, तरी फरक लपत नव्हता.

आधी या यंत्रणेविषयी थोडं. बऱ्याच मोठ्या मोटरहोममध्ये गॅसवर किंवा विजेवर चालणारा एक छोटा बॉयलर असतो. तो पाणी आणि ग्लायकॉल (गोठण रोखणारा, अल्कोहोलच्या नात्यातला द्रव; इथे इथिलीन ग्लायकॉल) यांचं मिश्रण, म्हणजेच कूलंट, तापवतो, आणि एक लहानसा पंप ते भिंतीलगतच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांतून फिरवत ठेवतो. मिश्रणात साधारण ४० टक्के ग्लायकॉल आणि ६० टक्के पाणी. ग्लायकॉल जितकं जास्त तितकं चांगलं, असं अनेकांना वाटतं. ते बरोबर नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं! दोन्ही द्रवांचे रेणू एकमेकांना स्फटिक बांधू देत नाहीत, म्हणून मिश्रण दोघांपेक्षाही खाली जाऊन गोठतं. शिवाय ग्लायकॉल वाढवलं की द्रव दाट होतो आणि उष्णताही कमी वाहून नेतो.

मिश्रणाचा हा न गोठण्याचा गुण सहसा झिजत नाही. रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रकाश किती वाकतो ते पाहून ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो, आणि ते प्रमाण सहा वर्षांनीही जवळपास तेवढंच असू शकतं. म्हणून मित्राचं मोजमाप चुकलं नव्हतं. संपत आलेली गोष्ट वेगळी होती, आणि ती त्या उपकरणाला दिसत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा ब्लेडने खरवडा. चकचकीत रेघ उमटते आणि तिथला उघडा धातू डोळ्याची पापणी लवायच्या आत हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो. तयार झालेला ऑक्साईडचा थर अवघा २ ते ५ नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. पण हा थर इतका सलग आणि चिवट असतो की खालचा धातू त्यामुळेच टिकतो. अ‍ॅल्युमिनियम मुळात सोन्यासारखा आळशी धातू नाही, तो विलक्षण क्रियाशील आहे. थर नसता तर पाणीच त्याला खाऊन हायड्रोजन सोडत राहिलं असतं. मला तर धातुशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते: जखम झाली की धातू स्वतःच स्वतःवर खपली धरतो.

मात्र या खपलीला आम्लही सोसत नाही आणि तीव्र अल्कलीही नाही. पीएच साधारण ४ ते ८.५ या पट्ट्याबाहेर ती विरघळू लागते, आणि त्या पट्ट्यातही तिला शत्रू आहेत. नळाच्या पाण्यातले क्लोराईड आयन एखाद्या कमकुवत जागी थर फोडतात. उघड्या पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे आयन पाण्याशी अभिक्रिया करतात आणि त्या बारीक खड्ड्यात आम्ल तयार होतं. आम्लामुळे खपली पुन्हा धरत नाही, धातू आणखी विरघळतो, आणखी आम्ल तयार होतं. बाहेरून नळी धडधाकट दिसते, आतून टाचणीच्या टोकाएवढं भोक आरपार होत जातं. त्यात यंत्रणेत कुठे पितळेचे जोड असले, तर विरघळलेलं तांबं वाहत येऊन अ‍ॅल्युमिनियमवर बसतं आणि तिथे चक्क एक छोटी बॅटरी सुरू होते. तिची किंमत अ‍ॅल्युमिनियम मोजतं.

आता ग्लायकॉलकडे या. त्याच्या दोन कार्बनच्या साखळीला दोन्ही टोकांना अल्कोहोलचा गट असतो. उष्णता आणि ऑक्सिजन मिळाला की एक टोक ऑक्सिडीकरण होऊन ग्लायकोलिक आम्ल बनतं, दोन्ही टोकं झाली की ऑक्झॅलिक, आणि साखळी तुटली की फॉर्मिक, म्हणजे मुंगीच्या डंखातलं. तापून फुगलेला द्रव सामावणाऱ्या टाकीतून (एक्स्पान्शन टँक) हवेचा संपर्क असतोच, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

म्हणून कूलंटमध्ये रक्षक रसायनं घातलेली असतात. काही क्षार आम्ल शोषून पीएच सांभाळतात. जुन्या पद्धतीत सिलिकेट सगळ्या पृष्ठभागावर पातळ लेप देतं आणि लवकर संपतं. नव्या पद्धतीत साबणाच्या नात्यातले कार्बोक्झिलेट रेणू असतात. त्यांचं भारित टोक धातूला चिकटतं, तेलकट टोक पाण्याला दूर ठेवतं, आणि क्षरण सुरू झालेल्या जागीच ते गोळा होतात, त्यामुळे पुरवून पुरतात. साध्या कूलंटला साधारण दोन वर्षं आणि दीर्घायुषी प्रकाराला पाच, हा हिशेब यातून येतो. राखीव साठा असेपर्यंत पीएच फारसा हलत नाही, तो संपला की भराभर घसरतो. म्हणून ‘अजून तरी काही झालं नाही’ यावर विसंबू नये.

रंगावर तर मुळीच नाही. गुलाबी, निळा, हिरवा हा निव्वळ टाकलेला रंग आहे आणि त्याला कोणतंही जागतिक प्रमाण नाही. एकाच रंगाच्या दोन डब्यांत वेगळी रसायनं असू शकतात, आणि चुकीची जोडी एकत्र आली तर जेलीसारखा गाळ धरू शकतो. डब्यावर ‘लाइफटाइम’ लिहिलेलं असलं तरी रसायनशास्त्राचे नियम बदलत नाहीत, आणि नळीभोवती चुंबक बांधून आम्ल नाहीसं होत नाही.

बदलण्याचं काम म्हणजे जुनं काढणं, प्रकार बदलत असेल तर शुद्ध केलेल्या पाण्याने नळ्या धुणं, आणि नवं मिश्रणही तशाच पाण्यात करणं. खरी कसोटी हवा काढण्याची. नळ्या पूर्ण भरलेल्या असताना वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या द्रवाचं वजन एकमेकांना तोलतं, पंपाला फक्त घर्षणाशी झगडावं लागतं. उंच वळणावर बुडबुडा अडकला की तो तोल जातो आणि चिमुकला पंप द्रवाचं वजन उचलू शकत नाही. मग बॉयलर गरम आणि नळी थंड. बाहेरचा मोठा पंप जोडून द्रव जोराने फिरवतात किंवा गाडीची एक बाजू उंच करतात ते यासाठी. गरम द्रवात वायू कमी विरघळतो, त्यामुळे पहिल्यांदा तापवल्यावर आणखी बुडबुडे निघतात. काही दिवसांनी हवा पुन्हा काढावीच लागते.

काढलेलं कूलंट मात्र जमिनीवर किंवा गटारात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात. नळीत वर्षानुवर्षं चालणारी तीच अभिक्रिया यकृतातली विकरं काही तासांत करतात. ग्लायकोलिक आम्लाने रक्त आम्लयुक्त होतं, आणि ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमशी जोडलं जाऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात. बहुतेक मुतखडे ज्याचे असतात तेच हे कॅल्शियम ऑक्झॅलेट. लहान प्राण्याचा जीव जायला थोडंसं सांडलेलंही पुरतं. मित्राने जुनं कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहिलं आणि घातक कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर नेऊन दिलं.