माळाचा रकाना

सासवडहून बारामतीकडे उन्हाळ्यात निघालं की दोन्ही बाजूंना पिवळे माळ लागतात. एखादी बोर, एखादा हिवर, बाकी वाळकं गवत. इथलं जंगल कुणीतरी तोडलं असणार, असं बघणाऱ्याला वाटतं. सरकारी कागदालाही फारसं वेगळं वाटत नाही. सारा न देणारी जमीन ती पडीक, हा इंग्रजी जमाबंदीतला रकाना उपग्रहाच्या नकाशांपर्यंत टिकून राहिला आहे.

पण हा माळ म्हणजे मोडलेलं जंगल नाही. पाऊस वर्षाला जेमतेम 500-600 मिलिमीटर, माती कुठे वीतभर तर कुठे तेवढीही नाही, खाली काळा पाषाण. अशा जागी गवताचंच चालतं. पवना, मारवेल, कुसळी ही 'सी-4' गवतं. ती कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत बांधतात आणि मग आतल्या पेशीत दाट करून सोडतात. त्यामुळे पर्णरंध्रं फार उघडावी लागत नाहीत आणि पाणी कमी उडतं. (ऊसही सी-4च, पण त्याची तहान हा वेगळा विषय!) बारमाही गवताचा मोठा संसार जमिनीखाली असतो. वरचं जळलं, चरलं गेलं तरी बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. कार्बनचा साठाही बराचसा तिथेच, मातीत.

महाराष्ट्राने 2016 ते 2019 या काळात 50 कोटी झाडं लावायचं ठरवलं. देशाने 2030पर्यंत 2.6 कोटी हेक्टर जमीन सुधारण्याचा शब्द दिला आहे. एवढी जागा आणायची कुठून? बोट आपसूक पडीकच्या रकान्यावर जातं. मग माळावर चर आणि खड्डे खणले जातात, जुनी मुळं उलथतात, गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहतात. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, दूरचा शत्रू दिसावा म्हणून. त्याला त्या रांगांचा काय उपयोग? आणि रोपांसाठी चराईबंदी झाली की धनगराची मेंढरं उरल्यासुरल्या तुकड्यावर दाटी करतात.

नुसती संरक्षणाची रेघ ओढूनही भागत नाही. माळढोक पक्ष्यासाठी 1979मध्ये अभयारण्य झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात लोकांची शेतं होती, वस्त्या होत्या, आणि जमिनीचे व्यवहार अडकले. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. माळढोक मात्र दिसेनासा होत गेला.

माझ्या मते लागवडीचा आणि चराईचा आराखडा पावसाळ्याच्या शेवटी, गवत निसवून तुऱ्यावर आलं असताना, माळावर फिरून करावा. बारमाही गवतं कुठे आहेत ते आधी टिपावं आणि तिथे खड्डा घेऊ नये. झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी लावावीत, नाहीतर माळ आधीच खणून निघालाय तिथे. चराईसाठी माळाचे तीन-चार तुकडे पाडून दरवर्षी एक राखावा, म्हणजे त्यातलं बी पिकून जमिनीवर पडेल. कोणता तुकडा कधी राखायचा, हे मेंढपाळांना विचारूनच ठरवावं, कारण पहिलं पाऊल त्यांच्याच कळपाचं पडणार असतं.