धंद्यातल्या बाईचं आधार, रेशन, मतदान कार्ड: कागद कुठला, सही कुणाची

मी वस्तीत कागदपत्रांच्या कामाला मदत करते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतोच की ताई, माझ्याकडे काहीच नाही तर आधार निघणार कसं. काहीच नाही म्हणजे खरंच काही नाही. गाव सोडलं ते अंगावरच्या कपड्यांनिशी, शाळेचा दाखला नाही, खोलीचं लाइटबिल घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, नावावर, आणि ती ते देणार नाही कारण तिला भीती की उद्या खोलीवर हक्क सांगाल. मग आधार केंद्रात गेलं की ऑपरेटर मोठ्याने विचारणार पत्त्याचा पुरावा काय, नवऱ्याचं नाव काय, आणि लाइनीतले चार जण मान वळवून बघणार. एक ताई तर तिथूनच परत फिरल्या, म्हणाल्या नको ते कार्ड, इतकी वर्षं गेली तशी जातील.

तर पहिली गोष्ट, ही कुणाची मेहरबानी नाही. 1999 साली कोलकात्यात एका सेक्स वर्करचा खून झाला, ती बुद्धदेव कर्मास्कर केस सुप्रीम कोर्टात गेली, आरोपीचं अपील 2011 ला फेटाळलं पण कोर्टाने त्याच प्रकरणाची जनहित याचिका करून घेतली आणि त्यातून पुढचे आदेश निघाले. कोविडमध्ये, सप्टेंबर 2020 ला, ओळखपत्र न मागता कोरडं रेशन द्या म्हणून सांगितलं. डिसेंबर 2021 ला रेशन कार्ड, मतदान कार्ड, आधार द्या म्हणून. आणि 19 मे 2022 चा आदेश सगळ्यात कामाचा, तो मोबाइलमध्ये ठेवा, काउंटरवर दाखवायला लागतो.

आधारपासूनच सुरुवात करा, बाकी सगळं त्याच्यावर अडलेलं असतं. पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याऐवजी आधारवाल्यांनी ठरवून दिलेल्या नमुन्यातलं एक प्रमाणपत्र चालतं. त्यावर सही लागते ती नॅकोमधल्या (केंद्राची एड्स नियंत्रण संस्था) राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाची. आता त्या साहेबांपर्यंत तुम्ही स्वतः जायची गरज नाही, वस्तीत टीआय प्रोजेक्ट (एड्स नियंत्रणाचं संस्थेमार्फत चालणारं काम) असतो, तपासणीला बोलवायला पीअर, म्हणजे आपल्यातलीच कार्यकर्ती, येते ना, तिलाच सांगा, संस्थेकडून कागद वर जातो. जिथे प्रोजेक्ट नाही तिथे जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एड्स नियंत्रणाच्या लोकांना विचारा. घरून किंवा लॉजवर काम करणाऱ्या कितीतरी जणींचं नाव यादीत नसतं, पण नॅकोच्या यादीत नाही म्हणून विषय संपत नाही, वस्तीतल्या संस्थांकडून खात्री करून नवीन नावं घेत राहा असं कोर्टाने राज्यांना सांगितलंय.

सगळ्या जणी विचारतात की कार्डावर "तसलं" काही छापून येईल का. नाही येणार. आदेशात स्पष्ट आहे, नोंदणीच्या नंबरमध्येसुद्धा कुठला कोड टाकायचा नाही ज्यावरून बाई काय करते ते कळेल, गोपनीयता पाळायची. नवऱ्याचं किंवा बापाचं नाव नसेल तर केअर ऑफचा रकाना मोठ्या माणसांना रिकामा ठेवता येतो, ऑपरेटर म्हणेल सिस्टिम घेत नाही, तुम्ही शांतपणे परत टाकायला सांगा. नवीन आधारला पैसे पडत नाहीत. फक्त 18 च्या वरच्यांची पडताळणी होते म्हणून वेळ लागतो, पावती जपा.

रेशनचं जरा किचकट आहे. अर्ज मुंबईत शिधावाटप कार्यालयात, बाकी बहुतेक ठिकाणी तहसीलच्या पुरवठा शाखेत. आधी बघा गावच्या कार्डावर अजून नाव आहे का, बऱ्याच जणींचं असतं आणि त्यांना माहीतही नसतं, भाऊ त्यांच्या वाटचे पाच किलो उचलत असतो. नाव असेल तर इथल्या कंट्रोलच्या दुकानात अंगठा लावून तुमच्या वाटचं धान्य उचलता येतं, नाहीतर तिथून कमी करून इथे वेगळं कार्ड काढा. शहरात वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत असेल तर प्राधान्य गटात, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांत, बसता. पण कार्ड हातात आलं म्हणजे धान्य सुरू झालं असं नाही हां, इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, भरलेला असला की नुसतं कार्ड मिळतं आणि बाई दर महिन्याला दुकानावरून रिकामी पिशवी घेऊन येते. म्हणून रेशन कार्डाचा बारा आकडी नंबर पडला का आणि धान्य चालू झालं का हे दोन्ही विचारायचं, लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची.

मतदान कार्डाला फॉर्म 6. पत्त्याचा कागद नसला तरी बेघर माणसांसाठी नियमच आहे की बीएलओने (मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) रात्री येऊन बघायचं माणूस तिथे झोपतो का, खात्री झाली की कागद लागत नाही. रात्री वस्तीत यायला बीएलओ कां कू करतात, ते त्यांचं बघून घेतील.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं मात्र मला खटकतं. त्यात "वेश्या व्यवसायातून मुक्त केलेल्या महिला" असा गट आहे, महिन्याला 1500, म्हणजे आधी सोडा मग बघू. पन्नाशीची बाई, गिऱ्हाईक येत नाही, पण खोलीत राहते आणि पोरींना स्वयंपाक करून घालते, ती मुक्त का अमुक्त ते कोण ठरवणार? एचआयव्ही असेल किंवा विधवा, परित्यक्ता असेल तर त्या गटातून अर्ज टाका, सरळ जातो. उत्पन्नाची अट 21 हजार, पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा, अर्ज तहसीलला.

काही लोक मला म्हणतात तुम्ही धंद्याला उत्तेजन देताय. अहो, पाच किलो गहू-तांदळाने कोण धंद्यात येतं? साबणावरचा टॅक्स भरताना तिला कुणी विचारलं होतं का काय काम करतेस म्हणून?

बलात्कार किंवा लैंगिक जबरदस्ती झाली तर सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने लगेच फुकट उपचार करायचेच, कायद्यात आहे. हद्द आमची नाही म्हणून पोलीस परत पाठवू शकत नाहीत, झिरो एफआयआर घ्यावी लागते. स्वतःच्या मर्जीने काम करणारी सज्ञान बाई तेवढ्यावरून गुन्हेगार ठरत नाही, कुंटणखाना चालवणं गुन्हा आहे, हा फरक ठाण्यात ठणकावून सांगा. वकील फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जिल्हा कोर्टातच विधी सेवाचं ऑफिस असतं, नंबर 15100.

आणि एक, आधारला मोबाइल नंबर स्वतःचाच जोडा. एका ताईंचा एजंटने आपला जोडला होता, ओटीपी त्याच्याकडे जायचे, आणि खात्यात पैसे आल्याचं त्यांना चार महिन्यांनी कळलं.