एकाच जातीची मिरची, एक झाड तिखट, एक बिनतिखट

मिरचीचं तिखट बियांत असतं, म्हणून बिया काढून टाका, असं घरोघरी सांगतात. खरं तर बिया ज्या फिकट, मऊ गादीला चिकटलेल्या असतात, त्या गादीत कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य तयार होतं. बियांना ते नुसतं लागतं.

पण झाडाला हा खटाटोप हवाच कशाला? याचं सुंदर उत्तर दक्षिण अमेरिकेतल्या एका रानमिरचीने दिलं. तिचं नाव कॅप्सिकम चाकोएन्स. बोलिव्हिया, पॅराग्वे आणि अर्जेंटिनात पसरलेल्या चाको प्रदेशावरून अर्जेंटिनाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्मांदो हुन्झिकर यांनी १९५० साली ते ठेवलं. कूळ वांगी-टोमॅटोचंच. फुलं पांढरी, फळं इवलीशी, लाल. बोलिव्हियाच्या रानात हिची दोन झाडं शेजारी उभी असतात, दिसायला अगदी सारखी. एकाचं फळ जिभेला आग लावतं, दुसऱ्याचं मुळीच तिखट नसतं. कुठलं कुठलं ते चाखल्याशिवाय कळत नाही, आणि संशोधकांनी खरोखर झाडामागून झाड चाखलं!

त्यातून कळलं ते असं. ढेकणाच्या गणातले किडे फळात सोंड खुपसून रस शोषतात. त्या भोकांतून फ्युझेरियम बुरशी आत शिरते आणि बिया मारते. कॅप्सेसिन या बुरशीची वाढ रोखतं. किड्यांचा उपद्रव जास्त, तिथे तिखट झाडंही जास्त. पक्ष्यांना हे तिखट जाणवत नाही, त्यामुळे ते फळं खाऊन बिया दूर नेतात. दाढांनी बिया चिरडणारे उंदीर मात्र लांब राहतात. मग सगळीच झाडं तिखट का नाहीत? कारण पाणी तुटलं की तिखट झाडांना बिनतिखट झाडांपेक्षा खूपच कमी बिया धरतात. कोरड्या भागात म्हणूनच बिनतिखट झाडं भरपूर, ओलसर भागात जवळजवळ सगळी तिखट.

मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या आणि ठसका आला नाही, तर दृष्ट लागली होती असं आजही मानतात. ठसका कॅप्सेसिनमुळे येतो, त्याचा कुणाच्या नजरेशी काडीचाही संबंध नाही.

आता वर्गीकरणाचं. आपली लवंगी आणि भोपळी दोन्ही कॅप्सिकम ॲन्युअमच. चवीवरून जात ठरत नाही. भोपळीचं तिखट गेलं ते पन-१ या जनुकातल्या बिघाडाने. चाकोच्या बिनतिखट झाडांत मात्र पन-१ शाबूत आहे. तिथला बदल जनुकसंचातल्या वेगळ्याच जागी आहे, तिला पन-२ म्हणतात.