वाडीची सरासरी सात लाख

‘निवृत्तांची सरासरी शिल्लक इतके लाख’ असा मथळा दिसला की आपल्याकडे लोक आधी स्वतःचं पासबुक आठवतात आणि गप्प होतात. आकडा खोटा नसतो, पण तो कोणाचा ते कोणी सांगत नाही.

कोकणातली एक वाडी घेऊ. घरं सात. एक बँकेतून निवृत्त, ४० लाख. बाकीच्यांकडे ५, ३ आणि १ लाख. तिघांकडे काहीच नाही. सरासरी काढा, ७ लाख. रांगेत उभं केलं तर मधल्या घराकडे १ लाख. आणि खातंच नसलेली तीन घरं मोजणीतून गाळली (असं सर्रास होतं) तर सरासरी थेट सव्वाबारा लाख! अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत निवृत्ती खातं असलेल्या कुटुंबांची सरासरी सुमारे ३ लाख ३४ हजार डॉलर होती, मधल्या कुटुंबाची ८७ हजार. खातं नसलेली जवळपास निम्मी कुटुंबं या दोन्हींत नाहीतच.

आपल्या वाडीतल्या त्या तीन शून्यांपैकी पहिलं कुठून आलं, ते मात्र मुंबईत शोधावं लागतं. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. तो आधी सहाच उद्योगांना लागू झाला, त्यात कापड गिरण्या होत्या. म्हणजे चाकरमान्याचा ‘फंड’ तसा पहिल्या फळीतला. पण पेन्शन नव्हती. १९७१ मध्ये आली ती कुटुंबासाठी, कामगार नोकरीत असताना गेला तर. मग १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. कितीतरी जण गावी परतले, फंड काढला, तो घराच्या कौलांत, सावकारात, मुलीच्या लग्नात गेला. नोकरदारांची पेन्शन योजना आली १९९५ ला. ८२ साली हातातला साचा (गिरणीतला माग) सुटलेल्याला ती कुठून मिळणार? त्याचं खातं बंद, म्हणून तो आकडेवारीतही नाही. एक शून्य त्याचं.

दुसरं खलाशाचं. होडीवर पगार नाही, वाटा असतो. वाट्यातून फंड कोण कापणार?

तिसरं शून्य गुरुजींचं, आणि इथे सरासरी उलट्या बाजूने फसते. निवृत्तीचे पैसे त्यांनी चिऱ्याच्या घरात घातले, शिल्लक नाही. पण १ नोव्हेंबर २००५ च्या आधी रुजू झालेले, त्यामुळे जुनी पेन्शन दर महिन्याला येते, वर महागाई भत्ता. ही शिल्लक नव्हे, म्हणून कागदावर गुरुजी आणि खलाशी सारखेच. पेन्शन जमा झाली की गुरुजी बाजारातून सुरमई आणतात. कधीकधी त्या खलाशाच्याच घरून.