टाइलच्या मागची भिंत

नौपाड्यातलं विटांचं घर सोडून मावशी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहायला गेली आणि पहिला वाद बाथरूममध्ये झाला. गीझर बसवायला आलेल्या प्लंबरने टाइलवर टकटक केलं. "मावशी, इथं पोकळ वाजतंय. थोडा बाजूला घेऊ." मावशीला तो आरशाच्या रेषेतच हवा होता. शेवटी प्लंबरचं चाललं, आणि भौतिकशास्त्रही त्याच्याच बाजूचं होतं.

25 लिटर पाणी म्हणजे 25 किलो. टाकीसकट साधारण 35. शिवाय गीझर काही कॅलेंडरसारखा चपटा नसतो. त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून 20 सेंटिमीटर पुढे धरला, तर तो खाली तर ओढतोच, वरचे हुक भिंतीतून उपटूही पाहतो. हुकापासून खालच्या टेकूपर्यंत 30 सेंटिमीटर असतील, तर ही ओढ 35 × 20 ÷ 30, म्हणजे सुमारे 23 किलोची. टेकू वर सरकला की ओढ वाढली. वॉश बेसिनवर कुणी हात टेकून रेललं की काय होत असेल, ते यावरून ताडावं.

हा भार पेलायचा मागच्या भिंतीने. टाइल कठीण खरी, पण ठिसूळ. दाब सोसते, ताण सोसत नाही. मागे सिमेंट भरलेलं नसेल तर ड्रिलच्या धक्क्यानेच तडकते. म्हणून आधी चिकटपट्टी लावायची, म्हणजे टोक घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणं, बंद.

मग प्लग, म्हणजे स्क्रू घट्ट धरायला भोकात बसवायची नळी. दुकानात कुणी 'रावल' मागतं, कुणी 'फिशर'. रावल हे कुणा गुजराती शेठचं नाव असावं, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती! निघाले इंग्लंडचे जॉन जोसेफ रॉलिंग्ज. 1911 च्या सुमारास त्यांनी दोऱ्या चिकटवून असा प्लग बनवला. नायलॉनचा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांचा, 1958 चा. स्क्रू आत शिरतो, प्लग फुगतो, भोकाच्या कडांवर दाबला जातो आणि घर्षणाने टिकतो. पण तो टाइलच्या जाडीतच फुगला तर टाइल उभी चिरते. त्यामुळे प्लग अख्खा टाइलच्या पलीकडे हवा.

पलीकडे काय आहे, हे ड्रिलची भुकटी सांगते. लाल आली तर वीट. करडी येत राहिली आणि ड्रिल पुढे सरकेना, तर काँक्रीट. पकड उत्तम, फक्त सळई लागली तर भोक सरकवायचं. मऊ, पांढुरकी आली तर एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा. त्याच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात, तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि सगळा ब्लॉक बुडबुड्यांनी भरतो. तेवढ्याच आकाराच्या विटेच्या जेमतेम एक तृतीयांश वजन, म्हणून बिल्डर खूश. पण नेहमीचा लोखंडी अँकर, म्हणजे भोकात फुगून अडकणारा बोल्ट, आवळला की बुडबुड्यांच्या भिंती चुरतात आणि भोक मोठं होत जातं. तिथे हॅमर अजिबात नको. खास ब्लॉकसाठीचा लांब प्लग किंवा रसायनाने भोकात चिकटवायचा केमिकल अँकर लागतो.

मावशीकडे आधी प्लास्टरची करडी भुकटी आली, मग पिठासारखी पांढरी. प्लंबरने ती चिमटीत चोळून पाहिली, अँकर पिशवीत परत टाकले आणि दुकानाकडे निघाला. त्या दिवशी आंघोळीचं पाणी गॅसवरच तापलं.