ट्रम्पेटचा सूर गालांतून येत नाही

‘जॅझचा ट्रम्पेटवादक गाल जितके फुगवील, तितका सूर बुलंद निघतो,’ हा समज जुन्या छायाचित्रांसह वर्षानुवर्षे फिरत आला आहे. विसाव्या शतकातील एका थोर अमेरिकन वादकाचे गाल खरोखरच तसे फुगत, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सूर जन्मतो तो ओठांत. फुफ्फुसांतून आलेली हवा मिटलेल्या ओठांना थरथरवते आणि ते कंपन सुमारे दीड मीटर लांबीच्या पितळी नळीतील हवेला घुमवते. गाल सैल सुटले तर ओठांवरचा ताबा टिकवणे उलट अवघड जाते, म्हणून शिक्षक सहसा ते आवरून धरायला सांगतात. पडताळा घरीही घेता येतो: ओठ सैल ठेवून, गाल फुगवून माउथपीसमध्ये (ट्रम्पेटच्या ओठ टेकवायच्या टोकात) फुंकल्यास नुसती फुसफुस ऐकू येते, गाल न फुगवता ओठ मिटून थरथरवले, की स्पष्ट गुंजन उमटते.